आपोआप फिरलेलं मशीन

"हे आपोआप फिरतं का?"

मी असं विचारलं तेव्हा स्टॉलवरचा टायवाला मुलगा आधी माझ्याकडं आणि मग माझ्या दिराकडं बघून हसला. त्याला वाटलं, गावाकडच्या बाईला बिनमाणसाची मशीनं बघायची हौस आहे. "ती टेक्नॉलॉजी पुढच्या हॉलमध्ये आहे, ताई," असं म्हणून त्यानं मला एक टोपी दिली आणि माहितीपत्रकांची एक पिशवी दिली. सकाळपासून अशा इतक्या पिशव्या हातात जमल्या होत्या की मी बाजारहाट करायला आले आहे असंच कुणालाही वाटावं.

"तसं नव्हं," मी म्हणाले. "माणूस खाली उतरलाय, इंजिन चालूच हाय, आन् मशीन आपल्या आपण गर्रकन फिरलं. असं होतं का?"

आता मात्र त्याचं हसू गेलं. "मी आमच्या सरांना बोलावतो," म्हणत तो आत पळाला.

माझा दीर, अधिक त्याचं नाव, शेजारीच त्या पिवळ्या पोकलेनच्या, चाकांच्या जागी असतो त्या लोखंडी पट्ट्यावर हात फिरवत उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. त्यानं वर पाहिलं नाही.

पुण्याच्या पुढं एका मोकळ्या माळावर ते प्रदर्शन भरलं होतं. रस्ते, धरणं, इमारती बांधायला लागणारी जगातली सगळी अवजड यंत्रं तिथं धुऊनपुसून, टायरांना काळं पॉलिश करून उभी होती. मी आयुष्यात चिखलाशिवाय पोकलेन पाहिलं नव्हतं, त्यामुळं ती मला लग्नातल्या करवल्यांसारखी वाटली. पांढऱ्या कपड्यांतले ठेकेदार बायकापोरांना केबिनमध्ये बसवून फोटो काढत होते. मधूनच कुठंतरी हलगी वाजायची, नवीन मशीन घेणाऱ्याच्या हातात पुठ्ठ्याची भली मोठी चावी द्यायचे आणि टाळ्या व्हायच्या. सगळीकडं सणासारखं वातावरण होतं आणि मी त्यात सुतकी तोंडानं हिंडत होते.

आमच्याकडंही एक पोकलेन होतं. जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं. विहिरी खणायच्या, रानं सपाट करायची, असली कामं. आमचे हे, म्हणजे हणमंत पिसाळ, त्याचे मालक, आणि चालवायचे दोघं भाऊ आलटूनपालटून. त्या प्रदर्शनाच्या चार वर्षं आधी एका विहिरीच्या कामावर हे खाली उभे राहून बकेटचा, म्हणजे खणायच्या लोखंडी पंजाचा, दात बदलत होते. मशीन फिरलं. बकेट आणि दगडांचा ढीग यांच्यामध्ये सापडून हे जागच्या जागी गेले.

अधिकनं पोलिसांना, गावाला आणि मला एकच हकीकत सांगितली होती. जेवायची सुट्टी झाली म्हणून तो केबिनमधलं लॉक लावून, इंजिन चालू ठेवून खाली उतरला, बाभळीखाली पाणी प्यायला गेला, आणि पाठीमागं मशीन आपोआप फिरलं. तपासणीला आलेला माणूस सगळं बघून म्हणाला, मशीन तर ठणठणीत आहे. झालं. ठणठणीत मशीन आपोआप फिरलं म्हटल्यावर कारण दुसरीकडं शोधणं आलं, आणि ते शोधायला आमच्या घरात कुणाला लांब जावं लागलं नाही.

ज्यांच्याकडं मशीन असतं त्यांच्याकडं दर अमावास्येला त्याची पूजा होते. नारळ फोडायचा, लिंबू बांधायचं, बकेटला हळदकुंकू लावायचं. आमच्याकडं ताट तयार करून कामावर न्यायचं काम माझं. मी गावच्या अंगणवाडीत सेविका होते, आणि त्या महिन्यात मला तालुक्याला प्रशिक्षणाला जावं लागलं. अमावास्या चुकली. त्याच आठवड्यात हे गेले. दहाव्याला नदीवर, सगळ्या भावकीसमोर, सासूबाई म्हणाल्या, "हिच्या चुकलेल्या अमावास्येनं खाल्लं माझ्या लेकाला."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाई तेवढं बोलून थांबल्या नाहीत. तेव्हापासून देवघरातल्या दिव्याला मी हात लावायचा नाही. शेजारी कुणी ट्रॅक्टर आणला, साधी मोटारसायकल आणली, तरी पूजेच्या वेळी मला आत जायला सांगायचे. सांगायचे म्हणजे गोड बोलूनच सांगायचे, "मालन, जरा चहाचं बघतीस का?" आणि मी जायचे. मी चार बुकं शिकलेली बाई, पोरांना सूर्यग्रहण समजावून सांगणारी. मला ते पटत नव्हतं. आणि अंथरुणाला पाठ टेकली की पटतही होतं.

त्या घरात माझ्या बाजूनं बोलणारा एकटा अधिक. आई काही टोचून बोलली की तो ताटावरून उठायचा. "आई, गप बस," म्हणायचा. मला मूलबाळ नाही, माहेरी आता कुणी राहिलं नाही. माझ्या औषधापासून अंगणवाडीच्या गळक्या पत्र्यापर्यंत सगळं तोच बघायचा. लग्नाचं नाव काढलं तर मात्र घराबाहेर निघून जायचा.

प्रदर्शन भरलं त्या वर्षी तोच म्हणाला, "वहिनी, कालव्याची कामं निघाल्यात. नवं मशीन घेऊया." कर्जाला जमीन तारण लागणार, आणि जमिनीवर माझंही नाव होतं, म्हणजे मी हो म्हणाल्याशिवाय काही होणार नव्हतं. मी म्हणाले, आधी मी बघणार, जाणत्या माणसाला विचारणार, मशीन आपोआप फिरतं का ते. मग सांगणार. तो बरं म्हणाला, पण त्या दिवसापासून त्याचं जेवण कमी झालं.

मला माझं सरळ दिसत होतं. मशीन आपोआप फिरत असेल, तर आत्याबाई म्हणतात ते मला आयुष्यभर निमूट ऐकावं लागणार. फिरत नसेल, तर माझा दीर खोटं बोलला. दोन्हीकडून मी बुडणारच होते. तरी मला कळायला हवं होतं.

टायवाल्या मुलानं ज्यांना आणलं ते साहेब पन्नाशीचे, उन्हात रापलेले, शर्टाच्या खिशाला तेलाचा डाग असलेले होते. त्यांना बघूनच मला बरं वाटलं. नाव नाडगौडा. मशीनं दुरुस्त करण्यात जन्म गेला म्हणाले.

मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही.

"वर या ताई, दाखवतो," ते म्हणाले.

मी साडी सावरून पायरीवर चढले आणि केबिनमध्ये डोकावले. सीटच्या डाव्या हाताला एक लाल मुठीचा दांडा होता. नाडगौडांनी तो वर केला.

"हे लॉक. ऑपरेटर उतरताना हे वर करतो. वर केलं की मशीनच्या तेलाचा रस्ताच बंद. मग इंजिन चालू असलं तरी मशीन मेल्यात जमा. तुम्ही हे दोन दांडे कितीही ओढा, बूम, म्हणजे हा पुढचा लांब हात, हलणार नाही, बकेट हलणार नाही, मशीन फिरणार नाही."

"ह्यो नव्या मशीनचा प्रकार," अधिक खालून म्हणाला. "जुन्याचं येगळं."

"जुन्यातही हेच आहे," नाडगौडा म्हणाले. "तुमचं कुठलं होतं?"

अधिकनं सांगितलं.

"त्यातही हेच."

"आमचं फिरलं, साहेब. लॉक वर असताना फिरलं." अधिकचा आवाज चढला. आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. "माझा भाऊ गेला त्यात."

समोरच्याच्या घरातलं मरण निघाल्यावर भला माणूस जसा बोलतो, तसं नाडगौडा हळू आवाजात म्हणाले, "मी तिथं नव्हतो. मी काही बोलणं बरोबर नाही."

मी खाली उतरले. अधिक कपाळावरचा घाम पुसत होता. दोन माणसं, दोन्ही खात्रीनं बोलणारी. एक परका, ज्याला मशीन विकायचं होतं. दुसरा घरचा, ज्यानं मला चार वर्षं सांभाळलं होतं. कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवणं खरं तर अवघड नव्हतं. मी अधिकवरच ठेवत होते. नाडगौडा कंपनीचा पगार खाणारे, ते दुसरं काय सांगणार, असं मी मनाला समजावलं सुद्धा.

पण नाडगौडांनाच वाईट वाटलं असावं. ते अधिकच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही ऑपरेटर ना? चला, मागं डेमोचा खड्डा आहे. आता जेवणाची वेळ, गर्दी नाही. चालवून बघा. हात बसला की मनातलं जाईल."

अधिक नको म्हणाला. मीच म्हणाले, "बसा की भावजी. आलोय एवढं लांब."

स्टॉलच्या मागं दोर बांधून मोठं आवार केलं होतं. मधोमध खणलेला खड्डा, शेजारी मातीचा आणि दगडांचा ढीग, आणि एक पोकलेन. धूळ उडू नये म्हणून पाणी मारलेलं होतं. अधिक वर चढला. चार वर्षांत तो कुठल्याही मशीनवर चढला नव्हता, साखर कारखान्याच्या आवारात ट्रकांची नोंद करत बसायचा. पहिल्यांदा त्याचे हात अडखळले. बकेट जमिनीवर आपटलं. मग हळूहळू मशीन त्याचं ऐकायला लागलं. बूम अलगद खाली जायची, बकेट माती भरून घ्यायचं, वळून ढिगावर रिकामं करायचं. दोराबाहेर उभे असलेले दोघं ठेकेदार जेवणाची पाकिटं हातात धरून बघत राहिले. अधिकचा चेहरा काचेतून मला दिसत होता. त्याचं वय उतरत होतं असं वाटलं.

तेवढ्यात टायवाला मुलगा पळत आला. कुण्या बड्या ठेकेदाराला चावी द्यायचा कार्यक्रम होता आणि फोटोला नाडगौडा साहेब हवे होते. नाडगौडांनी अधिकला हातानं थांबायची खूण केली. अधिकनं बकेट ढिगाच्या अलीकडं, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर थांबवलं आणि लाल दांडा वर केला.

"बंद करा आणि उतरा, मी आलोच," नाडगौडा म्हणाले आणि गेले. ठेकेदारही फोटोचा ओरडा ऐकून तिकडं वळले.

अधिक इंजिन बंद करायला वाकला.

"राहू द्या," मी म्हणाले.

दोर उचलून मी आत गेले. पायाखाली ओली माती होती, चपला रुतत होत्या. मी चालत गेले आणि बकेट आणि दगडांचा ढीग यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. बकेटचे दात माझ्या पोटासमोर होते, नवे, धारेचे, अजून पिवळा रंग न उडालेले. पाठीला दगड लागत होते. इंजिनचा हादरा जमिनीतून पायांत येत होता.

अधिकनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "वहिनी, तिथं काय करताय?"

"लॉक वर हाय का?"

"हाय."

"मग दांडा ओढा."

त्याला ऐकू आलं नसावं असं वाटून मी मोठ्यानं म्हणाले, "डावा दांडा. फिरवायचा. ओढा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. इंजिन धडधडत होतं. पलीकडं हलगी सुरू झाली होती. मला एकाएकी वाटलं, हा माणूस आता ओरडेल. उडी टाकून खाली येईल आणि मला हाताला धरून ओढून बाजूला करील. शिव्या घालील. मी अगदी देवाला विनवल्यासारखी वाट बघत होते की त्यानं मला शिव्या घालाव्यात.

अधिक हसला.

"भ्या वाटतंय व्हय तुमाला?" तो मायेनं म्हणाला. "काय होत न्हाय, वहिनी. ह्ये बगा." आणि त्यानं दांडा पूर्ण ओढला. उजवीकडं ओढला, डावीकडं ओढला. दोन्ही दांडे धरून गदागदा हलवले.

मशीन जागचं हललं नाही.

"बगितलं?" तो म्हणाला. "आता तरी घ्यायचं ना?"

मी बकेटसमोरून बाजूला झाले. केबिनच्या दारापाशी आले आणि त्याला म्हणाले, "भावजी, तुमी मला बाजूला व्हा म्हणाला न्हाईत."

"अं?"

"लॉक वर असताना मशीन फिरलं, असं तुमी सांगता. तुमच्या डोळ्यांदेखत सख्खा भाऊ गेला. आज त्याच जागी मी उभी. आन् तुमी दांडा ओढला. हसत ओढला."

हसू त्याच्या तोंडावर होतं तिथंच राहिलं, उतरायला त्याला वेळ लागला.

"लॉक वर असताना हलत न्हाय, हे तुमाला पक्कं म्हाईत हाय," मी म्हणाले. "मग त्या दिवशी का हललं, तेबी म्हाईत असणार."

अंगणवाडीत खोटं बोललेलं पोर पकडलं की ते आधी माझ्या पायांकडं बघतं. अधिक माझ्या पायांकडं बघत होता. त्यानं इंजिन बंद केलं. तो खाली उतरला आणि पट्ट्यावर बसला.

"तार होती," तो म्हणाला.

"कसली तार?"

"लॉकच्या दांड्याखाली एक बटण असतंय. ते बिघडलं व्हतं. काम करता करता मशीन मधीच मरायचं. नवं यायला कोल्हापूरची वाट बघायची, आन् विहीर पाडव्याच्या आत पायजे म्हणून तो बागायतदार मानगुटीवर बसलेला. मग बटण दाबून तारेनं बांधलं. सगळी बांधतात. बांधलं की लॉक वर करा न्हायतर खाली, मशीन जित्तंच राहतंय."

"कुणी बांधलं?"

"दादानं. मी तार धरली व्हती."

माझ्या डोळ्यांसमोर हे आले. दातात तार धरून पक्कड फिरवणारे, घरात मिक्सरपासून नळापर्यंत सगळं तारेनंच दुरुस्त करणारे. मी दोन-तीनदा हसलेही होते त्यांच्या त्या तारेवर.

"आन् तुमी बाभळीखाली होता?"

त्यानं मान हलवली. नाही.

"उतरत होतो. बॅटरी गेलेली, इंजिन बंद केलं असतं तर परत चालू झालं नसतं, म्हणून चालूच ठेवलं. डावीकडनं उतरताना शर्टाची बाही फिरवायच्या दांड्यात अडकली." त्यानं स्वतःचं मनगट धरलं. "मी झटका दिला. मला वाटलं, बाही फाटली. तेवढंच वाटलं मला, वहिनी. शर्ट नवा व्हता."

मला रडू आलं नाही. राग यायला हवा होता तोही आला नाही. चार वर्षांनी आमचे हे खऱ्यानं कसे गेले ते मला कळत होतं, आणि ते इतकं साधं होतं की मला त्याचीच लाज वाटली. कुणाची नजर नाही, कुणाचा शाप नाही. एक तार आणि एक बाही.

"तार काढली कुणी?"

"मी. पोलीस यायच्या आत. दादा आपल्याच तारेनं मेला असं कुणी म्हणू नये म्हणून. न्हाय, तसंबी न्हाय. माझ्यासाठी काढली. दोन्हीबी खरं हाय, मला अजून नीट कळत न्हाय."

"आन् माझी अमावास्या?"

तो पट्ट्यावरची ओली माती नखानं खरवडायला लागला.

"चार वर्षं भावजी. शेजारच्यांच्या ट्रॅक्टरची पूजा असली की मी चुलीपाशी जाऊन बसते. दिव्याला हात लावत न्हाय. तुमी बघत होता."

"आईला मी गप करायचो."

"गप करायचा. खरं सांगत न्हवता. आईला खरं सांगितलं असतं तर त्या आपोआप गप बसल्या असत्या."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं सरळ पाहिलं. त्याच्या डोळ्यांत असं काही होतं की मला वाटलं, यानं आता पुढं बोलू नये. इतकंच पुरे आहे.

"आईला म्हाईत हाय," तो म्हणाला.

"काय म्हाईत हाय?"

"समदं. पयल्या दिवसापास्नं. तार मी तिच्याच हातात दिली व्हती. तिनं ती ओच्यात घातली, कुठं टाकली ते मला न्हाय सांगितलं. मला म्हणाली, तू बाभळीखाली व्हतास. दुसरं एक अक्षर बोलायचं न्हाय. लोकांनी इचारलं, मशीन का फिरलं, तर म्हणाली, मालनची अमावास्या चुकलीय, तेवढं बास हाय लोकांना."

नाडगौडा परत आले तेव्हा आम्ही दोघं तसेच होतो, तो बसलेला आणि मी उभी. त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार होता, काढायचं विसरले असावेत. "काय ताई, झाली का खात्री?" त्यांनी विचारलं.

"झाली," मी म्हणाले. "तुमचं मशीन चांगलं हाय, साहेब."

"मग बुकिंगचं?"

"कळवते."

गाडीपाशी आल्यावर अधिकनं दार उघडलं, पण आत बसला नाही. "मी घरी येऊ, का कराडातच उतरू?" त्यानं विचारलं.

"आन् गाडी पुढं कोण चालवणार? मी?"

तो गाडीत बसला. खंबाटकी घाट मागं पडला. मी खिडकीतून बाहेर बघत हिशेब मांडत होते, पैशांचे नव्हे. आत्याबाईंनी मला केव्हा काय काय म्हटलं, एकेक आठवत होते. प्रत्येक वेळी त्यांना माहीत होतं. पहिल्या वर्षश्राद्धाला त्यांनी मला स्वयंपाकघरातून उठवलं तेव्हा माहीत होतं. मी एकदा त्यांचे पाय धरून चुकलं म्हणाले होते, तेव्हाही. त्या वेळी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि मी तो क्षमेचा समजून किती तरी दिवस सुखात होते.

वाटेत अधिक एकदाच बोलला. "पोलिसात जायचं असलं तर मी येतो संगं."

मला त्याचं काय करायचं ते त्या वेळी माहीत नव्हतं. मला दुसऱ्याच माणसाशी बोलायचं होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्याबाई सोप्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी आमच्या दोघांच्या हातांकडं पाहिलं, काही कागद वगैरे दिसतात का.

"मग?" त्या म्हणाल्या. "ठरलं का मशीन?"

मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "आत्याबाई, तिथल्या जाणत्या साहेबांना मी विचारलं. मशीन आपोआप फिरत न्हाय म्हणाले."

त्यांचा हात सुपात थांबला. त्यांनी अधिककडं पाहिलं. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता.

"सांगितलं मी, आई," तो म्हणाला.

मला वाटलं होतं त्या आकांडतांडव करतील. मला खोटं पाडतील, छाती पिटतील, देवाचं नाव घेतील. त्याची तयारी मी गाडीतच केली होती. आत्याबाईंनी चष्मा काढला, लुगड्याच्या पदरानं पुसला आणि परत घातला.

"एक गेला व्हता, मालन," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हातात बेड्या पडू द्यायच्या का मी?"

"न्हाय," मी म्हणाले. आणि मी ते मनापासून म्हणाले, कारण ते मला समजत होतं. मी त्यांच्या जागी असते तर तार मीसुद्धा ओच्यात घातली असती. "पण मग मी?"

त्यांनी खरंच उत्तर शोधलं. मी बघत होते, त्या शोधत होत्या. चार वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःही विचारला नसावा.

"तू सोसशील असं वाटलं," त्या म्हणाल्या.

मशीन आम्ही घेतलं नाही. पोलिसात मी गेले नाही. पुढच्या आठवड्यात आत्याबाईंनी भावकीतल्या बायकांना घरी बोलावून आपल्या तोंडानं सगळं सांगितलं, मी सांगा म्हणाले नव्हते तरी सांगितलं. अधिकनं दोन वर्षांनी लग्न केलं. त्याची मुलगी माझ्याच अंगणवाडीत आली आणि मला मोठी आई म्हणते. त्या दोघांना मी केव्हाच माफ करून टाकलं, आणि ते बोलून दाखवायचीही मला गरज वाटली नाही.

पण आत्याबाईंचं ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. त्यांनी मला ओळखण्यात जराही चूक केली नव्हती, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.